गाडी कोणापासून जपायची

जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत त्या वर्षी उन्हाळा लागायच्या आतच गाड्या चोरीला जायला लागल्या. पहिली गेली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची. तिचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण तो वजनात मारतो हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरी गेली शाळामास्तरांची. नवीकोरी गाडी, सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. मग मात्र सगळ्या कॉलनीच्या तोंडचं पाणी पळालं.

मग ज्याला जे सुचेल ते सुरू झालं. एकाने चाकातून साखळी घालून ती खिडकीच्या गजाला बांधली. एकाने गावाकडून म्हशीच्या गळ्यातली घंटा आणून हँडलला अडकवली. ती वाऱ्यानेही वाजायची, त्यामुळे चोर आला की वारा सुटला हे बघायला घरातल्या कुणाला तरी उठावंच लागायचं. एकाने कॅमेरा लावला आणि त्याचं तोंड नेमकं समोरच्यांच्या न्हाणीघराकडे आलं. त्यावरून जे भांडण झालं ते चोरीपेक्षा जास्त गाजलं. आमच्या शेजाऱ्यांनी तर गाडी सरळ बैठकीच्या खोलीतच घेतली. त्यांच्याकडे गेलं की टायरला गुडघे लावून चहा प्यायचा.

या सगळ्यांचे गुरू आमच्या घरात राहत होते. ते म्हणजे माझे वडील. त्यांना मी आबा म्हणते, आणि माझं ऐकून सगळी कॉलनीही आबाच म्हणते. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात जन्मभर शिफ्टमध्ये काम केलेला माणूस. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा सोबत कपड्यांची बॅग, विहारात नेसायची आईची पांढरी साडी आणि आपली मोटारसायकल एवढंच घेऊन आले. मोटारसायकल जुनी, पण अशी राखलेली की दारात उभी असली की माझीच स्कूटी म्हातारी दिसायची.

संध्याकाळी ऊन उतरलं की आबा हात मागे बांधून कॉलनीत फेरी मारायचे आणि प्रत्येकाची गाडी तपासायचे. "तोंड भिंतीकडे करून लावा. चोराले उलटी काढावी लागली पाहिजे." "हँडल लॉक केलं का? हलवून पाहा." स्वतःच्या गाडीच्या प्लगची टोपी तर ते रोज काढून खिशातच ठेवायचे. चावी चोराच्या हातात दिली तरी गाडी जागची हलायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मी चिडवायची, "आबा, तुमची गाडी न्यायला चोर आला तर तिच्याकडे बघून काहीतरी ठेवूनच जाईल." त्यावर ते हसायचे नाहीत. गाडीवरून केलेली थट्टा त्यांना आवडत नसे.

ती गाडी त्यांना का इतकी जवळची होती हे मला कळत होतं. मुलीच्या घरी राहणं आपल्याकडे अजूनही बापाला जड जातं. जावई कितीही चांगला असला तरी. माझा नवरा चांगलाच आहे, पण तो नोकरीला धुळ्यात, येतो शनिवारी, आणि बाकीचे दिवस फोनवरून संसार करतो. घरात बोलायला मी एकटी, आणि मी पतसंस्थेत नोकरीला, दिवसभर बाहेर. अशा वेळी आबांना आपलं म्हणावं असं त्या घरात काय होतं? गाडी. भाजी आणायची तर गाडीवर, रविवारी विहारात जायचं तर गाडीवर, माझ्या हातातली पिशवी घेऊन "राहू दे, मीच टाकून येतो" म्हणायचं तेही गाडीच्या जोरावर. तिच्यावर बसले की ते कुणाच्या घरचे पाहुणे राहत नसत.

एका दुपारी मी पतसंस्थेत असताना आबांच्या फोनवरून अनोळखी आवाज आला. "ताई, तुमचे वडील इथं दीपनगरला गेटजवळ आहेत. काळजी करू नका, माझ्या टपरीवर बसवलंय. ड्युटीवर आलो म्हणतात."

बोलणारा गेटसमोरचा चहावाला होता. गेटवरचे रक्षक नवे, त्यांनी आबांना ओळखलं नव्हतं. चहावाला जुना, त्याने ओळखलं. मी आधी त्याच्यावरच खेकसले, "काहीतरी काय सांगताय? ते भाजी आणायला गेलेत." तो बिचारा हळूच म्हणाला, "भाजीची पिशवी गाडीला लावलेली आहे, ताई."

भुसावळपर्यंत बस आणि पुढे रिक्षा करून मी पोचले तेव्हा आबा बाकावर बसून चहा पीत होते. पिशवीत मेथी होती, पार सुकलेली. मला बघून ते जरा गोंधळले, मग म्हणाले, "तू कशाला आली? दुसरी शिफ्ट सुटली की मी येतोच." मी तोंड उघडणार तेवढ्यात चहावाल्याने मला नजरेने थांबवलं आणि आबांना म्हणाला, "आबा, आज तुमच्या जागी दुसरा माणूस दिलाय. तुम्ही ताईंना घरी सोडा." आबा लगेच उठले. दुसऱ्याला जागेवर ठेवल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचा जन्मभराचा नियम.

आता खरी पंचाईत अशी की मला गिअरची गाडी येत नाही. गाडी तिथे सोडायला आबा तयार होईनात. शेवटी मी त्यांच्या मागे बसले. नशिराबादच्या रस्त्याला ट्रकमागून ट्रक, आणि मी जीव मुठीत धरून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. पण खरं सांगते, त्यांच्या चालवण्यात एक चूक नव्हती. आरशात बघत होते, हात दाखवत होते, खड्डा दिसला की आधीच सांगत होते, "धरून बस." लहानपणी मी अशीच त्यांच्या मागे बसून भुसावळच्या बाजारात जायची. मला वाटायला लागलं, चहावाल्याचंच काहीतरी चुकलं असेल. उन्हाने होतं माणसाला असं. एखाद्या वेळी होतं.

अजिंठा चौफुलीला सिग्नल लागला. आबांनी पाय टेकवला, थोडी मान वळवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता कुठी जायचं?"

मी म्हटलं, "सरळ." आणि मग घर येईपर्यंत प्रत्येक वळण त्यांच्या कानात सांगत आले. मागे बसून मी रडत होते आणि ते त्यांना दिसत नव्हतं, एवढंच बरं होतं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही गोळ्या दिल्या आणि आबांना बाहेर बसवून मला सांगितलं की विसरणं आता सुरू झालंय, ते वाढेल, काही दिवस अगदी चांगले जातील आणि काही नाही. "वाद घालू नका. आणि गाडी देऊ नका." पहिलं वाक्य आणि दुसरं वाक्य एकाच माणसाला एकाच वेळी पाळता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? वाद न घालता आबांकडून गाडी काढून घ्यायची म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकायचं.

नवऱ्याने धुळ्याहून फोनवर उपाय सांगितला. "चोरांचं नाव सांग ना. कॉलनीत चोऱ्या चाललेल्याच आहेत." मला ते पटलं. मी आबांना म्हटलं, "चोऱ्या फार वाढल्यात. तुमची चावी माझ्याजवळ ठेवते, माझ्या कपाटाला कुलूप आहे." आबांना सावधपणा कुणाचाही आवडायचा. त्यांनी लगेच चावी काढून दिली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आवरून, बूट घालून दारात उभे. "चावी दे. मले ड्युटीवर जायचं हाये." मी म्हटलं सापडत नाही. संध्याकाळी मी कामावरून परत आले तर गाडीच्या वायरींची तोंडं जोडलेली. चावीच्या खालच्या दोन वायरी सोलून त्यांनी गाडी चालू केली होती आणि कॉलनीत एक चक्कर मारून परत आणून लावली होती. ज्याने आयुष्यभर केवढाल्या यंत्रांच्या वायरी जोडल्या, त्याला ही काय अवघड? शनिवारी नवऱ्याने धुळ्याहून चाकाचं कुलूप आणलं. आबांनी ते कानशीने कापलं आणि मला दाखवून म्हणाले, "पाहा, चोराची हिंमत. आपल्याच गाडीले कुलूप लावून गेला." मी प्लगची टोपी लपवली, तर त्यांनी दुसरी विकत आणली. मी पेट्रोल काढून टाकलं, तर त्यांनी बाटलीतून आणून भरलं. घरात चोर आणि मालक एकच, आणि राखणदार मी. सगळ्या कॉलनीला ज्याने कुलपं लावायला शिकवली त्याच्यापुढे माझी कुलपं किती टिकणार!

मी चिडत होते, हे लपवत नाही. माझा स्वभावच तापट. माझी आई म्हणायची, जळगावचं ऊन कमी पडत होतं म्हणून ही जन्माला आली. पण चिडण्याखाली भीती होती. प्रत्येक वेळी फोन वाजला की मला नशिराबादचे ट्रक दिसायचे.

समोरच्या अक्कांना मी खरं काय ते सांगितलं. अक्का पारोळ्याकडच्या, साठी उलटलेल्या, दिवसभर ओट्यावर बसून काहीतरी निवडत असतात आणि त्यांच्या नजरेतून मांजरही सुटत नाही. त्यांनी माझा हात धरला. "तू जाय कामवर. मी ध्यान ठेवस. बठ्ठी गल्लीनं ध्यान शे." सगळ्या गल्लीचं लक्ष आहे, असं त्यांच्या अहिराणीत. त्या दिवसापासून आबा गाडीजवळ गेले की समोरून आवाज यायचा, "आबा, कोठे चालनात? या, चहा पी ल्या." चहाला नाही म्हणायचं नाही ही आबांची जुनी खोड, ते जायचे. चहा होईपर्यंत ड्युटी विसरलेली असायची.

मग मे महिना आला. आमच्याकडच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दुपारी रस्ते ओस. ज्याला बाहेर पडावंच लागतं तो डोक्याला, तोंडाला, मानेला मोठा पांढरा रुमाल असा गुंडाळतो की फक्त डोळे दिसतात, त्यावर पुन्हा गॉगल. बायका तसंच ओढणीचं करतात. कॉलेजातल्या पोरापासून निवृत्त म्हाताऱ्यापर्यंत सगळे एकसारखे दिसतात, बापलेक समोरासमोर आले तरी ओळखू येत नाहीत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जळगावात मे महिन्यात तोंड उघडं ठेवणाऱ्याकडेच लोक वळून बघतात.

त्या दुपारी अक्का आत जरा लवंडल्या होत्या. आबांनी डोक्यातोंडाला रुमाल गुंडाळला, गॉगल लावला, आणि गाडी हँडल लॉकसकट मागच्या चाकाला धरून ओढत ओढत सावलीत आणून वायरी सोलत बसले. शेजारच्या घरात महिन्याभरापूर्वीच नवा भाडेकरू आला होता, कंपनीत कामाला असलेला तरुण माणूस. त्याने खिडकीतून पाहिलं: तोंड बांधलेला एक इसम आबांची गाडी खोलतोय. चोऱ्यांचं तर सगळ्यांनी त्याच्या कानावर घातलेलंच होतं. मीसुद्धा. मीच त्याला सांगितलं होतं, "आमच्या आबांच्या गाडीवर जरा लक्ष ठेवा हं."

त्याने लक्ष ठेवलं. धावत येऊन आबांची कॉलर पकडली आणि ओरडला. झोपमोड झालेली माणसं घराघरांतून बाहेर आली. कुणी हात पिरगाळला, कुणी ढकललं. "चोर" या एका शब्दाने माणसांच्या अंगात केवढं बळ येतं! आबा रुमालातून काहीतरी बोलत होते, ते कुणाला ऐकू जात नव्हतं. अक्का ओट्यावर आल्या, त्यांनी पायातले बूट पाहिले आणि किंचाळल्या, "माय वं! सोडा रे त्यासले! आबा शेतस त्या!"

मी पोचले तेव्हा गर्दी पांगली होती. तो तरुण आमच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. माझी फार इच्छा होती त्याला फाडून खायची, पण त्याच्याकडे बघितलं आणि तशीच त्याला ओलांडून आत गेले. त्याने तर मी सांगितलं तेच केलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो, पण इथे संन्याशाकडे बोट मीच दाखवलं होतं की नाही, याचा विचार करायची ती वेळ नव्हती. आत अक्का आबांच्या मनगटाला हळद लावत होत्या. आबांच्या शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली होती.

त्यानंतर आबा गाडीकडे फिरकले नाहीत. माझं काम झालं होतं म्हणायचं. आता कुलूप लागत नव्हतं, चावी दारातल्या खिळ्याला लटकली असती तरी चाललं असतं. पण आबा बोलेनात. जेवायला वाढलं तर दोन घास खायचे. संध्याकाळची फेरी बंद झाली. माणसं येऊन माफी मागून गेली, तो तरुण तर आंबे घेऊन आला आणि रडला, आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

एक दिवस मी भाकरी थापत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ती गाडी माझीच हाये ना?"

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडीतिकडी पडली. मी म्हटलं, "तुमचीच आहे, आबा."

"म्हणजे मी कोणाची उचलून तर नाही आणली?"

नोकरीत ज्याच्यावर कधी एक ठपका आला नाही, त्या माणसाला आता स्वतःवरच संशय यायला लागला होता. मी गाडीची कागदपत्रं काढली, त्यांच्यासमोर धरली. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं आणि मान हलवली. मला त्या क्षणी कळलं की ट्रकखाली जाण्याव्यतिरिक्तही माणूस मरू शकतो, आणि मी त्यांना एका मरणापासून वाचवताना दुसऱ्याकडे ढकलत होते. गाडी त्यांना परत द्यायला हवी होती. पण ती चालवता कामा नये. आता हे कसं जमवायचं?

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "विकून टाकू." मी फोन ठेवून दिला.

उत्तर सुचलं ते पंखा पुसताना. मी स्टुलावर चढले होते आणि बटणाकडे हात जाऊ नये म्हणून आबांना ओरडून सांगणार होते, आणि मला दीपनगरचं आमचं क्वार्टर आठवलं. आई पंखा पुसायला चढली की आबा बटणाला एक लाल कार्ड अडकवायचे. तिकडे कामावर तीच पद्धत. यंत्राच्या दुरुस्तीला माणूस आत उतरला की स्विचला कुलूप आणि लाल टॅग लावायचा, त्यावर ज्याने लावला त्याचं नाव. तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. साहेब आला, मोठा साहेब आला, सगळं बंद पडलं, तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. कारण आत माणूस असतो. आमच्या घरीही तोच कायदा. एप्रिलच्या उकाड्यात आई खाली उतरून स्वतःच्या हाताने कार्ड काढेपर्यंत आम्ही घाम पुसत बसायचो आणि आबासुद्धा बसायचे.

मी स्टुलावरून उतरले. लग्नपत्रिकेचं एक लाल पाकीट कापलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: काम चालू आहे. गाडी चालू करू नये. खाली माझं नाव. ते दोऱ्याने हँडलला बांधलं आणि चाकाला नवं कुलूप घातलं, आबांच्या देखत. म्हटलं, "आबा, गाडीचं काम काढलंय मी. तुम्ही फक्त रोज पुसत जा."

आबा जवळ आले. टॅग हातात घेऊन वाचला. मग एक पाऊल मागे सरकले, सरळ उभे राहिले आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा कामावरचा आवाज मी ऐकला. "बरोबर हाये. असंच करायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेऊन ते गाडीपाशी बसले. आरसे पुसले, चेनला तेल घातलं. बूट घालून ड्युटीला निघायचे तेव्हा टॅग दिसला की थांबायचे. मला विचारायचे, "काम झालं का?" मी म्हणायची, "नाही आबा, पार्ट यायचाय." "मग घाई करू नको. घाईत माणूस जातो." आणि बूट काढून ठेवायचे. कानस, सोललेल्या वायरी, पेट्रोलची बाटली, सगळं संपलं. माझ्या कुठल्याच कुलपाला जे जमलं नव्हतं ते पत्रिकेच्या तुकड्याने केलं. आबा पुन्हा जेवायला लागले. संध्याकाळची फेरीही सुरू झाली, आणि तो नवा भाडेकरू आपली गाडी त्यांना आवर्जून तपासायला देऊ लागला. अक्का म्हणाल्या, "तुन्हं डोकं चाललं वं माय."

थंडीत एका सकाळी मी ओट्यावर भाजी निवडत होते. आबा गाडी पुसून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचा चांगला दिवस होता, ते त्यांच्या डोळ्यांवरून मला आता ओळखू येतं. म्हणाले, "गाडी मी सगळी पाहिली. तिच्यात काही बिघाड नाही."

मी मान खाली घालून मेथीची पानं खुडत राहिले.

"बिघाड माझ्यात हाये ना?"

खोटं बोलायला माझ्याकडे पार्ट होता, चोर होते, सगळं तयार होतं. पण तो आवाज ऐकून मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "हो, आबा."

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घालून ते गुडघ्यावर ठेवलं. मग म्हणाले, "मग बरोबर केलं तू. टॅग काढू नको." थोड्या वेळाने पुन्हा, "मी मागीन. मले हे बोलणं आठवणार नाही. मी ओरडीन, काहीबाही बोलीन. तरी काढू नको. ज्यानं लावला त्यानंच काढायचा."

मी म्हटलं, "नाही काढणार." त्यांनी माझ्या परातीतली एक जुडी उचलली आणि निवडायला घेतली. आम्ही दोघांनी मिळून ती सगळी मेथी निवडली आणि मला आठवतं, त्या दिवशी दुपारी ते पोटभर जेवले.

लाल टॅगही आता त्यांना कळत नाही. अक्षरं वाचतात, पण ती त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. परवा सकाळी, सगळी कॉलनी कामाला निघायच्या वेळी, ते गाडीपाशी उभे राहून कुलूप हिसडत होते. मी जवळ गेले तर वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात ओळख नव्हती. "तूच नेली माझी चावी. चोर हायेस तू," ते भर गल्लीत ओरडले. "चोर! धरा हिले!"

ओट्यावर अक्का उठून उभ्या राहिल्या. नवा भाडेकरू हेल्मेट हातात धरून जागच्या जागी थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि चावी माझ्या पर्समध्येच होती.

मी म्हटलं, "हो आबा. माझ्याकडेच आहे. मीच नेली."